मापाची चोळी

ज्या जुन्नरचा कागद पेशवाईच्या दफ्तरांत नावाजला गेला, त्याच जुन्नर-आंबेगावकडील घरांतून चोळी बेतताना मात्र कागदाची गरज कोणासही भासू नये, ही मोठी मौजेची गोष्ट होय. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे यांस शिलाईच नको. सुईचा प्रश्न उद्भवे तो चोळी, बंडी आणि मुलांच्या अंगड्या-टोपड्यांपुरता. गावगाड्यातील शिंपी अलुतेदारांत गणला जाई खरा. परंतु हाताने शिवता येणारी गृहिणी अंगास नेमकी बसणारी जुनी चोळी उसवून, तिचे पाठीचे, बाहीचे व पुढचे तुकडे नव्या खणावर मांडून, काठ बाहीच्या कडेशी येईल अशा बेताने घडी घालून आणि शिवणीपुरती जागा राखून कातर चालवी, व उरलेला त्रिकोणी तुकडाही बगलेत जिरवून टाकी.

अमेरिकेत बटरिक नावाच्या गृहस्थाने १८६३ साली कपडे बेतण्याचे कागदी नमुने काढले. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणवर्ग चालविले, आणि छातीच्या मापाचा चतुर्थांश काढण्याचे गणित हळूहळू माजघरापर्यंत पोहोचले. या गणिताने सफाई आली, हे मान्य. काटकसर मात्र जुन्या पद्धतीचीच सरस, असे माझे मत आहे.

बाळाच्या कुंचीस तर दोन्ही विद्या अनावश्यक. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचा लांबट तुकडा दुमडून डोक्यामागची कड शिवली, मानेशी चुण्या घेतल्या, की काम झाले; सणासमारंभाच्या कुंचीस तेवढे खणाचे कापड आणि जरीची किनार लागे.