गुलाबी गोळी आणि फिकट रक्त

“अंगात रक्त नाही” हे वाक्य आपल्या घरांतून फार पूर्वीपासून ऐकू येत आले आहे. मुलगी निस्तेज दिसू लागली, जिना चढताना तिला धाप लागू लागली, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या तोंडून ते बाहेर पडते आणि त्यापाठोपाठ एखाद्या ‘रक्तवर्धक’ औषधाचे नाव निघते. माणसाच्या या साध्या काळजीवर जगभर केवढा व्यापार उभा राहिला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यातील एका प्रसिद्ध गोळीची कथा आम्ही येथे सांगणार आहोत.

रक्तक्षयावर लोह द्यावे, हे ज्ञान नवे नव्हे. आपल्या वैद्यांनी पांडुरोगावर लोहभस्म आणि मंडूर वापरले. चरकसंहितेतील नवायस चूर्ण तर प्रसिद्धच आहे. युरोपातही सतराव्या शतकात सिडनहॅम हा इंग्रज वैद्य फिकट पडलेल्या तरुणींना लोह देत असे. पुढे १८३२ साली फ्रान्समधील डॉ. ब्लो यांनी फेरस सल्फेट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांची गोळी सुचविली. तिचे घटक सर्वांना ठाऊक होते आणि कोणीही औषधविक्रेता ती तयार करू शकत असे.

यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १८८६ च्या सुमारास, कॅनडातील ब्रॉकव्हिल या गावच्या डॉ. विल्यम जॅक्सन यांनी लोहाचीच एक गोळी बाजारात आणली. १८९० साली त्याच गावच्या जॉर्ज टेलर फुलफर्ड यांनी तिचे हक्क अवघ्या ५३ डॉलर व १ सेंट एवढ्या रकमेत विकत घेतले. तिचे नाव होते ‘डॉ. विल्यम्स पिंक पिल्स फॉर पेल पीपल’, म्हणजे फिकट माणसांसाठी गुलाबी गोळ्या. गोळीला गालांवरच्या लालीचा रंग द्यावा आणि रोगाचे चिन्ह नावातच गुंफावे, ही कल्पकता असामान्यच म्हटली पाहिजे. पाहता पाहता या गोळ्या अनेक देशांत जाऊन पोहोचल्या; हिंदुस्थानातील वृत्तपत्रांतही त्यांच्या जाहिराती झळकू लागल्या. फुलफर्ड यांनी ब्रॉकव्हिल येथे प्रासादतुल्य घर बांधले आणि १९०० साली ते कॅनडाच्या सिनेटचे सभासद झाले.

हे यश गोळीचे नव्हते, जाहिरातीचे होते. ती जाहिरात पुष्कळदा बातमीचे रूप घेऊन येई. अमुक गावची अमुक मुलगी अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि काही पेट्या संपताच ती कामाला लागली, असा तिचा थाट असे. शिवाय दावा एकट्या रक्तक्षयापुरता नव्हता. संधिवात, मज्जातंतूंचे विकार, अंशतः पक्षाघात, एवढेच नव्हे तर त्या काळी असाध्य मानला गेलेला लोकोमोटर अटॅक्सियासुद्धा या गोळीने बरा होतो, असे छापले जाई.

१९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून अशा औषधांचे पृथक्करण लोकांपुढे ठेवले. गुलाबी गोळीत सापडले ते लोहाचे सल्फेट, पोटॅशियम कार्बोनेट, थोडा मॅग्नेशिया, ज्येष्ठमधाची पूड आणि साखर. म्हणजे ती मुख्यतः ब्लो यांचीच जुनी गोळी होती! तीस गोळ्यांच्या पेटीची किंमत २ शिलिंग ९ पेन्स; तिच्यातील द्रव्यांची किंमत पेनीच्या दहाव्या हिश्शाएवढी. ‘पेटंट औषध’ या शब्दातील विरोधाभासही येथे ध्यानात येतो. खरे पेटंट घ्यावयाचे तर कृती उघड करावी लागते. ही औषधे मात्र बहुधा नाव व वेष्टन यांची नोंद करून कृती गुप्त ठेवीत.

मग ही गोळी निव्वळ फसवणूक होती काय? आमच्या मते या इतिहासाचे मर्म याच प्रश्नात आहे. गोळीत लोह होते. ज्यांना लोहाचीच उणीव होती, त्यांतील कित्येकांना तिचा गुण येतही असेल. परंतु तेवढ्या सत्याच्या आधारावर बाकीचे सारे असत्य उभे राहिले. निखळ खोटे फार काळ टिकत नाही. अर्धसत्याला मात्र साक्षीदार मिळतात. फिकटपणा हे लक्षण आहे, एकच एक रोग नव्हे. कोणाच्या आतड्यात अंकुशकृमी असतात, कोणाचा आतून रक्तस्राव चालू असतो. लंडनचे डॉ. अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली वर्णिलेल्या घातक रक्तक्षयावर तर लोहाचा काडीइतका उपयोग नव्हता. अशा रोग्याने पेटीमागून पेटी संपवावी, पैसा व वेळ दोन्ही गमवावे आणि दोष स्वतःच्या नशिबाला द्यावा, ही त्या व्यापाराची खरी किंमत होती. ती कोणत्याही जाहिरातीत छापली गेली नाही.

घातक रक्तक्षयाचे कोडे १९२६ साली सुटू लागले. अमेरिकेतील मायनॉट व मर्फी यांनी यकृताच्या आहाराने रोगी सुधारतात असे दाखविले आणि १९३४ साली त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मराठी वाचकांस विशेष जवळचा वाटावा असा एक अध्याय याच सुमारास मुंबईत लिहिला गेला. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली हिंदुस्थानात आल्या आणि मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. तो लोहाने बरा होत नसे. विल्स यांनी या स्त्रियांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने रोग बरा होतो, हे १९३१ साली जाहीर केले. त्यामागील द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. तेच फॉलिक अ‍ॅसिड होय. विल्स यांनी आपला शोध गुप्त ठेवला नाही. तो छापून सर्वांच्या स्वाधीन केला.

आपल्या देशात १९४० साली औषधविषयक कायदा झाला आणि १९५४ साली चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना पायबंद घालणारा कायदा आला. तरीही रोग हटलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यात आपल्या लेकीसुनाही असणार, मग आपण कोणत्याही प्रांतात राहत असू.

‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या २०१८ च्या योजनेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून एक लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ठरविलेली आहे. तिचा रंगही गुलाबीच! परंतु तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह व ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आहे हे उघड आहे, ती विनामूल्य मिळते आणि पक्षाघात बरा करण्याचे वचन देत नाही. घरात कोणी फिकट दिसू लागले, तर बाटलीवरील चित्र पाहण्याआधी रक्त तपासून घ्यावे आणि ते कशामुळे कमी झाले हे विचारावे, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे. गुलाबी गोळीने जगाला औषध विकले. हा प्रश्न मात्र तिने कोणालाही विचारू दिला नाही.