पडद्याचा सरकता दांडा

खिडकीच्या रुंदीप्रमाणे लांबी कमीअधिक करता येणारा, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा धातूचा दांडा. भिंतीतील आकड्यांवर तोललेला आणि आतील स्प्रिंगच्या दाबाने, रबरी टोप्यांच्या घर्षणावर, खिळ्याविना चौकटीत अडकून राहणारा, असे याचे दोन प्रकार होत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) पिंपरी-चिंचवड व चाकण येथील वसाहतींमुळे भोसरी-मोशीकडे जी भाडोत्री वस्ती वाढली, तिच्यात घरमालकाच्या मर्जीखेरीज भिंतीस भोक पाडण्याची मुभा सहसा नसल्याने हा दुसरा प्रकारच सोयीचा. परंतु रात्रपाळी करून दिवसा निजणाऱ्या कामगारास हवा असलेला जाड पडदा, जो मुळीच चैनीत जमा नव्हे, या दुसऱ्या प्रकारच्या दांड्यास पेलवत नाही. लांबी जितकी ताणावी तितका दांडा मध्यभागी लवतो आणि मग मालकाची मनधरणी करून आकडे ठोकणे भाग पडते.