मुंबई ते लंडन : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जवळपास ३,९०० सागरी मैल आहे. पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाचे हे अंतर होय. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवून काढलेली रेघ म्हणजे हा मार्ग नव्हे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरल्यास तो कराचीच्या परिसरावरून बलुचिस्तान, इराण, आर्मेनिया-जॉर्जियाचा सीमाभाग, काळा समुद्र, युक्रेन व मध्य युरोप ओलांडून लंडनला पोहोचतो.

प्रवासी विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर हे अंतर आठ तासांत कापले जावे. वेळापत्रकात मात्र लंडनकडे जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास आणि परतताना साधारण नऊ तास दिसतात. वेळापत्रकातील कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल आणि हीथ्रोच्या आकाशातील प्रतीक्षा त्यातच आली. जाण्या-येण्यातील फरकाचे कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे हिवाळ्यात अधिक प्रबळ होतात. ते जाताना समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

वाऱ्यापेक्षाही राजकारण अधिक लहरी ठरले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती जुलैमध्ये खुली झाली. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. अरबी समुद्रावरून ओमान व आखाताकडे वळता येत असल्याने मुंबईला याची झळ दिल्लीपेक्षा कमी बसते, इतकेच. १३ जून २०२५ रोजी इराणची हद्द बंद झाली, तेव्हा लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे विमान मुंबईस परतले आणि लंडनहून येणारे व्हिएन्नाकडे वळवावे लागले. लंडनहून पुढचे विमान गाठायचे असेल, तर दोन उड्डाणांमध्ये ऐसपैस अंतर ठेवणे शहाणपणाचे.

एअर इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय सेवा याच मार्गावरची. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबून लंडनला गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर या मार्गावर जेट युग सुरू झाले.

तिकिटावरील वेळा स्थानिक असल्याने पुष्कळांचा गोंधळ उडतो. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे असते. दुपारी एक वाजता मुंबईहून निघालेले विमान दहा तासांनी पोहोचते, तेव्हा तेथे सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. तिकिटावर प्रवास जेमतेम साडेचार तासांचा भासतो. उलट रात्री नऊला लंडन सोडल्यास नऊ तासांनी मुंबईत सकाळचे साडेअकरा होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांवर येतो.