दोन धनी, बेवारस रयत

साम्राज्यशाहीचा इतिहास आपल्याकडे 'एक राजा, एक वसाहत' या साच्यात शिकवला जातो. इंग्रजांचा हिंदुस्थान, फ्रेंचांचा इंडोचायना, डचांचा जावा. परंतु एकाच भूमीवर दोन प्रतिस्पर्धी साम्राज्यांनी एकाच वेळी आणि समान अधिकाराने राज्य केल्याचेही उदाहरण आहे. पॅसिफिक महासागरातील न्यू हेब्रिडीज या द्वीपसमूहावर १९०६ ते १९८० अशी ७४ वर्षे ब्रिटन व फ्रान्स यांची संयुक्त सत्ता होती. आजचे वानुआतू हे राष्ट्र ते हेच. धन्यांमध्ये भांडण असले की रयतेला थोडा मोकळा श्वास मिळतो, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास मुद्दाम वाचला पाहिजे.

'न्यू हेब्रिडीज' हे नावच मुळी तेथील माणसांनी दिलेले नव्हते. १७७४ साली कॅप्टन कुकने स्कॉटलंडच्या बेटांवरून ते ठेवले. १८२५ मध्ये एरोमांगा बेटावर चंदन असल्याचा शोध व्यापाऱ्यांना लागला आणि काही दशकांतच चंदनाची राने उजाड झाली. जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी गावे ओस पाडली. चंदन सरले, तेव्हा माणसांचा व्यापार सुरू झाला. १८६३ ते १९०४ या काळात क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांसाठी बेटवासी मजुरांचे सुमारे ६२,००० करार झाले आणि त्यांत या द्वीपसमूहातील मजुरांचा वाटा सर्वांत मोठा होता. कोणी राजीखुशीने गेले, कोणाला फसवून नेले, कोणाला सरळ पळवून नेले. फिजीच्या मळ्यांतही हेच घडले. १८७९ पासून फिजीत हिंदुस्थानी गिरमिटिये राबू लागले, हे आपल्याला ठाऊक असते; त्यांच्याआधी त्या मळ्यांत या बेटांवरील माणसांचा घाम जिरला होता, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

बेटांवर इंग्रज मिशनरी व व्यापारी होते, तसेच फ्रेंच मळेवालेही होते. दोघांपैकी कोणालाही बेटे सोडायची नव्हती आणि त्यांच्यासाठी लढाई करणे परवडणारे नव्हते. म्हणून १८८७ मध्ये दोघांचा संयुक्त नाविक आयोग नेमला गेला, आणि १९०६ च्या कराराने संयुक्त राज्य आले. दोन रेसिडेंट कमिशनर, दोन पोलीसदले, दोन तुरुंग, दोन आरोग्यव्यवस्था, दोन शिक्षणपद्धती. इंग्रजाला इंग्रजी कायदा, फ्रेंचाला फ्रेंच कायदा. संयुक्त न्यायालयात एक इंग्रज न्यायाधीश, एक फ्रेंच, आणि अध्यक्ष तटस्थ हवा म्हणून तो स्पेनच्या राजाने नेमलेला. या पहिल्या अध्यक्षांना ऐकू कमी येत असे आणि इंग्रजी-फ्रेंचही जेमतेमच येत असे, असे सांगतात. दोन्ही झेंडे सारख्याच उंचीवर आहेत की नाहीत, यावरूनही तंटे होत, असे म्हणतात. 'कॉन्डोमिनियम' या शब्दाचे थट्टेखोरांनी 'पँडेमोनियम', म्हणजे सावळागोंधळ, असे करून टाकले.

गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आठवणी अशा किश्शांनी भरलेल्या आहेत. वाचणारा हसतो. परंतु हे हसू कोणाचे, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. कारण याच व्यवस्थेत एक कलम असे होते की ज्यात हसण्यासारखे काहीच नव्हते. बाहेरून आलेल्या तिसऱ्या देशाच्या माणसाला इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी एक कायदा निवडावा लागे. म्हणजे निवड करण्याचा हक्क त्याला होता. मूळ रहिवाशाला मात्र हा हक्क नव्हता. तो ब्रिटिश प्रजाजन होऊ शकत नव्हता, फ्रेंच नागरिक होऊ शकत नव्हता, आणि त्याचे स्वतःचे राष्ट्र कोणी मान्य केलेले नव्हते. ज्या भूमीत त्याचे पूर्वज पुरले होते, त्या भूमीवर तो कायद्याने कोणाचाच नव्हता. दोन सत्तांनी एकमेकींविरुद्ध आपापले हक्क जपून ठेवले होते. त्या काटेकोर हिशेबात माणूस तेवढा बेवारस राहिला.

भांडणाचे मुख्य कारण जमीन होते. बेटवासीयांच्या रूढीत जमीन विकण्याची वस्तू नव्हती. जमीन एका कुळाची आणि तीवरचे झाड ते लावणाऱ्याचे, असेही असू शके. गोऱ्या मळेवाल्याने थोड्याबहुत वस्तू देऊन कागदावर अंगठा घेतला की त्याच्या लेखी ती कायमची खरेदी ठरे. संयुक्त न्यायालयाचे मोठे काम असे दावे नोंदवण्याचे होते. तेथे बेटवासीयांची बाजू मांडणारा वकीलही सरकारनेच नेमलेला असे.

आणि तरीही ही माणसे गप्प बसली नाहीत. १९४० च्या सुमारास ताना बेटावर लोकांनी मिशनची चर्चे सोडली आणि आपल्या रूढींकडे पाठ फिरवायचे नाकारले. ही जॉन फ्रम चळवळ. सत्तेने तिच्या पुढाऱ्यांना तुरुंगात घातले, हद्दपार केले. पुढे १९६० च्या दशकात सांतो बेटावर जिमी स्टीव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली 'नाग्रियामेल' ही चळवळ जमिनीच्या प्रश्नावर उभी राहिली. १९७१ मध्ये फादर वॉल्टर लिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय पक्ष काढला. तोच पुढे 'वानुआकू पाती' झाला. १९७९ च्या निवडणुकीत तो विजयी झाला.

येथे धन्यांच्या भांडणाचे खरे स्वरूप उघडे पडते. बेटवासी स्वातंत्र्य मागू लागताच त्यांच्यातील दुफळी उपयोगात आणली गेली. इंग्रजी शाळेत शिकलेले, प्रॉटेस्टंट, ते एका बाजूला. फ्रेंच शाळेत शिकलेले, कॅथलिक, ते दुसऱ्या बाजूला. १९८० च्या मे महिन्यात सांतोवर स्टीव्हन्स यांनी फुटून निघण्याचे बंड केले, तेव्हा त्यांच्या पाठीशी फ्रेंच मळेवाले आणि अमेरिकेतील काही धनिक होते. जमिनीच्या न्याय्य रागातून जन्मलेली चळवळ जमीन बळकावणाऱ्यांच्याच पंगतीला जाऊन बसली. दोन्ही साम्राज्यांचे सैनिक आले, पण बंड मोडले नाही. ते मोडले स्वातंत्र्यानंतर, शेजारच्या पापुआ न्यू गिनीच्या सैन्याने.

३० जुलै १९८० रोजी वानुआतू स्वतंत्र झाले. 'वानुआ' म्हणजे भूमी. या राष्ट्राच्या घटनेने सर्व जमीन मूळ रूढीप्राप्त मालकांची व त्यांच्या वंशजांची असल्याचे जाहीर केले. बेवारस ठरवलेला माणूस एकाच दिवशी नागरिकही झाला आणि भूमीचा धनीही झाला. मळ्यांवर व जहाजांवर मजुरांनी घडवलेली, 'मोडकी इंग्रजी' म्हणून हिणवली गेलेली बिस्लामा ही राष्ट्रभाषा झाली.

पण इतिहास तेथेच थांबवला तर तो पुन्हा प्रस्थापितांचाच इतिहास होईल. शिक्षणाची मुख्य माध्यमे इंग्रजी व फ्रेंच हीच राहिली, आणि शाळांनी पाडलेली फूट पक्षांच्या राजकारणात उतरली. स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ती व कवयित्री ग्रेस मेरा मोलिसा यांनी १९८७ च्या आपल्या कवितासंग्रहाला 'वसाहतीतील माणसे' अशा अर्थाचे नाव दिले. त्या माणसे म्हणत होत्या ते स्वतंत्र देशातील स्त्रियांना. गोरा धनी गेला, पण घरातला धनी राहिला, हे त्यांनी आपल्याच माणसांना सुनावले. आपल्या चळवळीला आतून प्रश्न विचारणारी अशी लेखणी ज्या समाजाला लाभते, त्याचे स्वातंत्र्य अजून पुरे झालेले नसते; पण ते जिवंत असते.

धनी एक असो वा दोन, त्यांच्यातला करार रयतेच्या भल्यासाठी होत नाही. त्या करारात आपले नाव कोठे आहे, आहे की नाही, हे रयतेने स्वतःच वाचायला शिकले पाहिजे. वानुआतूच्या माणसांना ते वाचायला ७४ वर्षे लागली. त्यांनी ते वाचले, आणि मग घटना स्वतः लिहिली.