आजिजांचे घर आणि ईदची भेट

'वृद्धाश्रम ही पाश्चात्त्यांची देणगी, आपल्यात असले काही नाही.' हे वाक्य आपण लग्नाच्या दावतीत ऐकतो, जुम्म्याच्या बयानातही ऐकतो. आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. इतिहास पाहिला तर हे वाक्य अर्धेच खरे ठरते. आई-वडिलांना टाकून देणे आपल्यात नाही, हे खरे. पण थकलेल्या, निराधार माणसांसाठी घरे उभारणे आपल्यात फार जुने आहे.

इमाम अबू यूसुफ यांनी 'किताबुल खराज'मध्ये हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग नोंदवला आहे. एक वृद्ध, अंध यहुदी भीक मागताना त्यांना दिसला. उमर (रजि.) यांनी त्याला घरी नेऊन काही दिले आणि बैतुलमालच्या खजिनदाराला त्याची व त्याच्यासारख्यांची सोय लावण्यास सांगितले. ज्याच्या तरुणपणी कर घेतला, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा इन्साफ नाही, अशी त्यांची भूमिका होती.

पुढे वक्फच्या मिळकतींवर अशी कामे चालू लागली. कैरोत सुलतान बैबर्स यांच्या कन्येने १२८५ मध्ये शेखा जैनब बगदादी यांच्यासाठी रिबात बांधली. तलाक झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. इतिहासकार मकरीजी (१३६४-१४४२) यांनी कराफा कब्रस्तानाच्या परिसरातील रिबातींचीही नोंद केली आहे. तिथे वृद्ध स्त्रिया आणि विधवा इबादत करीत राहत.

सर्वांत बोलके उदाहरण इस्तंबूलचे. १८७७-७८ च्या रशिया-तुर्की युद्धानंतर शहरात निर्वासितांची आणि निराधारांची गर्दी झाली. सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांच्या काळात १८९६ मध्ये 'दारुलअजेझे' सुरू झाले. दारुलअजेझे म्हणजे आजिजांचे, अगतिकांचे घर. वृद्ध, अपंग आणि अनाथ मुले यांची तिथे सोय झाली. ज्यांचे हात चालत त्यांच्यासाठी कारखाने होते. आवारात मशीद, चर्च आणि सिनेगॉग अशी तिन्ही प्रार्थनास्थळे बांधली गेली. तुर्कस्तानात ईदच्या दिवशी अशा घरांतल्या वडीलधाऱ्यांना भेटायला जाण्याचा रिवाज आहे.

आपल्या देशात 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या ख्रिस्ती जोगिणींनी १८८२ मध्ये कोलकात्यात वृद्धांसाठी काम सुरू केले. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांना मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा, अशीही तरतूद त्यात आहे. मात्र कायदा पैसे मिळवून देऊ शकतो, भेटायला कोणाला पाठवू शकत नाही.

लकवा झाल्यापासून आमच्या अम्मींना उठवायला-बसवायला दोन माणसे लागतात. भावंडांनी मिळून विचार केला आणि त्यांना वृद्धाश्रमात ठेवले. ईदची सुट्टी आम्ही तिथेच घालवतो. नमाज झाली की शीरखुर्म्याचा मोठा डबा घेऊन निघतो. मोठा अशासाठी, की अम्मी आधी शेजारच्या खाटांवर वाटायला लावतात, मग स्वतः खातात. तिथल्या एका खालांच्या मुलांनी बिरादरीत सांगून ठेवले आहे, की त्या थोरल्याकडे मुंबईला आहेत. ज्या बाईचा पत्ताच खोटा सांगितला, तिला ईद मुबारक म्हणायला कोण येणार?

लोक काय म्हणतील या भीतीने हे घडते. आपण वृद्धाश्रमाला नावे ठेवतो, म्हणून मुले पत्ता लपवतात. पत्ता लपला की नातेवाइकांचीही वाट बंद होते. म्हातारे माणूस एकटे पडते ते इथे. सूरह बनी इस्राईलच्या २३ व्या आयतीत म्हाताऱ्या आई-वडिलांना 'उफ'सुद्धा म्हणू नये, अशी ताकीद आहे. ते 'तुझ्याजवळ' म्हातारे झाले तर, असा तिथला शब्द आहे. जवळ असणे नुसते छप्पर एक असल्याने होत नाही. एकाच घरात आठवडा आठवडा कोणी न बोललेले बुजुर्गही आपण पाहतो.

रिबात बांधणाऱ्यांनी भिंती दिल्या, वक्फने भाकरी दिली. भेटीला जाणे मात्र त्या त्या पिढीनेच करायचे असते. आपल्या ओळखीतले एखादे म्हातारे माणूस एकाएकी 'गावाला गेले' असेल, तर यंदाच्या ईदला त्या घरी पत्ता विचारा. टोमणा मारायला नव्हे, भेटायला जायला.