कुलेतिहास व स्थानिक वृत्तपत्रे : बुलढाणा जिल्हा

एखाद्या घराण्याचा वंशक्रम, वसतिस्थान, व्यवसाय आणि आप्तसंबंध यांचा शोध घेण्यासाठी लहान गावांच्या वार्ता छापणाऱ्या जुन्या वृत्तपत्रांचा उपयोग करण्याची पद्धती. वंशावळीसाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्या, भाटांची बाडे, वतनाचे कागद व छापील कुलवृत्तांत ही साधने महाराष्ट्रात रूढ आहेत. त्यांतून पिढ्यांची नावे मिळतात. परंतु त्या पिढ्या कशा जगल्या, हे क्वचितच कळते. ही उणीव वृत्तपत्रे काही अंशी भरून काढतात.

बुलढाणा जिल्ह्यापुरते पाहता, प्रथम प्रशासकीय सीमा ध्यानात घ्याव्या लागतात. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ होती व १८७० मध्ये ती जलंबमार्गे लोहमार्गाने जोडली गेली. तथापि खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडत. त्यामुळे तेथील घराण्यांच्या जुन्या वार्ता अकोल्याच्या वऱ्हाड समाचारसारख्या पत्रांत शोधणे इष्ट ठरते. पुढील काळासाठी नागपूरचे महाराष्ट्र (१९१४) व ब्रिजलाल बियाणी यांचे अकोल्याचे मातृभूमि ही पत्रे उपयुक्त होत.

कुलेतिहासाच्या दृष्टीने अग्रलेखांपेक्षा जाहिराती व जाहीर नोटिसा अधिक मोलाच्या असतात. वारस दाखला, दत्तकविधान, वाटणी, भागीदारीची समाप्ती, दिवाळखोरी आणि न्यायालयीन लिलाव यांच्या नोटिशीत हिस्सेदारांची नावे, परस्परांतील नाते, गाव आणि शेताचा सर्व्हे क्रमांक एकत्र आढळतात. यांखेरीज परीक्षांचे निकाल, नगरपालिकांच्या निवडणुका, निधनवार्ता आणि १९३० च्या सत्याग्रहात शिक्षा झालेल्यांच्या याद्या यांतूनही माहिती मिळते. नोटिशीतील ‘वल्द’ म्हणजे अमुकाचा पुत्र, ‘जौजे’ म्हणजे अमुकाची पत्नी व ‘साकीन’ म्हणजे राहणार. आडनाव अनेकदा दिलेले नसते किंवा पिढीगणिक बदलते. म्हणून केवळ नामसादृश्यावरून नाते जोडू नये. पित्याचे नाव, गाव व व्यवसाय यांपैकी किमान दोन गोष्टी जुळणे आवश्यक आहे.

मितींचे रूपांतरही काळजीपूर्वक करावे लागते. शकवर्षात साधारणतः ७८, तर जानेवारीपासून शकवर्षाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळविल्यास इसवी सन मिळतो. खामगाव, मलकापूर येथील मारवाडी व्यापारी कुटुंबांच्या कागदांत विक्रम संवत व पौर्णिमान्त महिने असण्याचा संभव असतो. अशा वेळी मराठी पंचांगातील श्रावण वद्य पक्ष तेथे भाद्रपद वद्य म्हणून येतो आणि एक महिन्याची चूक होऊ शकते.

या साधनाला मर्यादा आहेत. वकील, व्यापारी, देशमुख, पाटील आणि सधन खातेदार यांची नावे वारंवार छापली जात. शेतमजूर, बलुतेदार आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची क्वचित, व तीही बहुधा गुन्हा किंवा साथीच्या बातमीत. स्त्रिया पित्याच्या वा पतीच्या नावाने ओळखल्या जात. दीनमित्र (१९१०), मूकनायक (१९२०), बहिष्कृत भारत (१९२७) व जनता (१९३०) या पत्रांनी ही उपेक्षा काही प्रमाणात दूर केली. त्यांतील सभावृत्ते व पत्रव्यवहार म्हणून आवर्जून पाहावीत.

वंशशोध हा आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांचे महाराष्ट्रातील वास्तव्य अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे असावे लागते. वृत्तपत्रातील मजकूर एकटा निर्णायक पुरावा मानला जात नाही. परंतु त्यातील दिनांक, गाव व दाव्याचा क्रमांक यांच्या आधारे कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर किंवा महसुली कागद यांतील मूळ नोंदीपर्यंत पोहोचता येते. ज्या कुटुंबांकडे जमीन वा वतन नव्हते, त्यांच्या दृष्टीने असा दुवा विशेष महत्त्वाचा होय. लाकडी लगद्याचा वृत्तपत्री कागद काही दशकांत ठिसूळ होतो आणि छापखाना बंद पडला की त्याच्या संचिका बहुधा रद्दीत जातात. जिल्ह्यातील वाचनालये व खाजगी संग्रह यांतील अंकांची सूची करून त्यांची छायाप्रत घेणे, हे म्हणूनच या अभ्यासाचे पहिले कार्य ठरते.