घोयऱ्याचे बाळंतपण

वऱ्हाडचा इतिहास म्हटला की गाविलगड आणि नरनाळा आठवतात, अचलपूरची इमादशाही आठवते, कापसाने भरलेल्या बंड्यांच्या रांगा आठवतात. आज ज्याची हकीगत सांगायची आहे तो ह्या सगळ्यांपुढे अगदीच लहान. वीत-दीड वीत लांबीचा, झाडावर राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचे नाव घोयरा. कुणी त्याला सरडगुहिरा म्हणतात. शाळेच्या पुस्तकात तो शॅमेलिऑन ह्या नावाने भेटतो. माणसाने हा प्राणी पाळला, कापून पाहिला, त्याच्यावर ग्रंथ लिहिले. पण त्याची मादी अंडी कशी घालते आणि त्या वेळी तिला काय हवे असते, हे समजून घ्यायला त्याला फार वेळ लागला. अमरावती-अकोल्याकडे आजही बरीच घोयऱ्यांची माणसाशी गाठ पडते ती नेमकी ह्याच वेळी, म्हणून हा विषय.

आधी एक घोटाळा दूर करू. कुंपणावर मान वरखाली करणारा, चाहूल लागताच सुर्रकन पळणारा, गळा लाल करणारा तो आपला रोजचा सरडा. घोयरा वेगळा. तो पळत नाही. एक पाऊल उचलतो, ते हवेतच धरून डुलतो, मग टेकवतो. त्याच्या पायाची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली असतात, शेपटीचा वेटोळा फांदीला घट्ट बसतो, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरतात; एक पुढे तर एक मागे. जीभ अंगाहून लांब. नाकतोडा टप्प्यात आला की ती जीभ बाहेर कधी पडली आणि आत कधी गेली हे डोळ्याला कळत नाही. नर-मादी ओळखायची असेल तर मागच्या पायाची टाच पाहावी. नराच्या टाचेवर काट्यासारखा एक उंचवटा असतो. पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी ह्या टाचेवरूनच त्याला ‘काटेवाला’ अशा अर्थाचे कॅल्कॅरेटस हे लॅटिन नाव दिले होते. आज चालते ते झेलॅनिकस, म्हणजे सिंहलद्वीपाचा. हे लॉरेंटी नावाच्या विद्वानाने १७६८ साली दिले.

आपल्याकडे जुन्या वाङ्मयात सरडा दिसतो तो शापाच्या रूपात. भागवताच्या दहाव्या स्कंधातली नृग राजाची कथा कीर्तनात पुष्कळांनी ऐकली असेल. एकाला दिलेली गाय चुकून दुसऱ्याला दान दिली गेली, आणि राजा कृकलास होऊन कोरड्या विहिरीत पडला. श्रीकृष्णाच्या हाताने त्याचा उद्धार झाला. कृकलास म्हणजे सरड्याच्या जातीचा प्राणी. कथा सुंदर आहे, पण सरडा होणे म्हणजे अधोगती, ही समजूत तिने आपल्या मनात पक्की केली. त्यात पुन्हा भीती. घोयरा विषारी, त्याच्या फुत्काराने माणूस मरतो, त्याची सावली पडू नये, असे काय काय बोलले जाते. खरे पाहता त्याला विष नाही. तो तोंड वासतो, अंग फुगवतो, फुसफुसतो. एवढेच त्याचे हत्यार. फारच डिवचले तर चावेल, पण त्याने जीव जात नाही.

पश्चिमेकडे भलताच प्रकार झाला. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोयऱ्याच्या भावंडाचे, म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या जातीचे, बारकाईने वर्णन केले. ते अंगाच्या आतून-बाहेरून पाहून केलेले आहे. पण पुढे पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने लिहून ठेवले की हा प्राणी खात नाही, पीत नाही, नुसत्या हवेवर जगतो. झाले! पुढची दीड हजार वर्षे शहाणीसुरती माणसे तेच म्हणत राहिली. ही समजूत टिकण्याचे कारणही गमतीचे आहे. घोयरा पुष्कळ दिवस उपाशी राहून तग धरतो. ज्यांनी हौसेने तो पिंजऱ्यात ठेवला त्यांनी त्याला काहीच घातले नाही. तो काही आठवडे जगला, आणि पाळणारा म्हणाला, पाहा, प्लिनीचे खरे ठरले! मग तो मेला, तेव्हा दोष थंडीला दिला. ग्रंथाला दोष कोण देणार?

ही गाठ सुटली ती सतराव्या शतकात, पॅरिसला. तिथल्या विज्ञान अकादमीतल्या क्लोद पेरो ह्या वैद्याने घोयरा कापून तपासला आणि १६६९ साली त्याचे वर्णन छापले. त्याच काळात मादलेन द स्क्युदेरी नावाच्या नामवंत लेखिकेने इजिप्तहून आलेले शॅमेलिऑन घरी ठेवले, त्यांना ऊब दिली, त्यांच्या रंगांकडे आणि सवयींकडे रोज लक्ष दिले, आणि १६८८ साली त्यांची हकीगत प्रसिद्ध केली. माझ्या मते पेरोइतकेच ह्या बाईंचेही श्रेय आहे. मेलेला प्राणी कापल्याने पोटात काय आहे ते कळते. जिवंत प्राण्याला काय हवे आहे ते त्याच्याजवळ बसल्यानेच कळते.

आपल्या देशात ही नजर आली ती मुख्यतः मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमुळे. ही संस्था १८८३ साली निघाली. अधिकारी, डॉक्टर, वनखात्याची माणसे आपण पाहिलेले लिहून पाठवीत आणि संस्था ते आपल्या नियतकालिकात छापी. १९१२ साली त्यात भारतीय शॅमेलिऑनवर ट्रेंच ह्या निरीक्षकाची टिपणे आली. १९३५ साली माल्कम स्मिथ ह्यांचा हिंदुस्थानातल्या सरड्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. मात्र प्रजननाचा नीट अभ्यास म्हणून नाव घ्यावे असा लेख त्याच नियतकालिकात १९८४ साली आला, ओरिसातून. सिंह, आचार्ज्यो आणि बस्टर्ड ही तिघांची नावे. ह्यांतले बस्टर्ड आणि सिंह हे सुसरी आणि मगरी वाचवण्याच्या कामातले. सुसरींची अंडी नदीकाठच्या वाळूतून जपून आणायची, उबवायची आणि पिल्ले मोठी करून नदीत सोडायची, हे काम तिकडे १९७५ पासून सुरू झाले होते. आचार्ज्यो नंदनकाननच्या प्राणिसंग्रहालयातले पशुवैद्य. ज्यांचा हात मगरीच्या अंड्यांवर बसला होता त्यांनीच घोयऱ्याच्या अंड्यांकडे वळावे, हे साहजिकच होते.

आता आपल्या धुऱ्यावर या. पावसाळा सरत आलेला असतो. पऱ्हाटीला बोंडे धरलेली, वेचणीचे दिवस जवळ आलेले, काळ्या मातीत अजून ओल असते. भेगा पडायच्या असतात. वर्षभर बाभळीवर, बोरीवर, निंबाच्या फांदीवर राहिलेली मादी ह्या सुमारास खाली उतरते. तिचे पोट दोन्ही बाजूंनी फुगलेले असते, रंग बहुधा गडद पडतो, खाण्यावरची वासना उडते. ती अस्वस्थ होऊन जमिनीवर हिंडते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. पण ह्या बाईसाहेब कुंपण ओलांडतात, पांदण ओलांडतात, डांबरी रस्तासुद्धा ओलांडतात, तोही एकेक पाऊल डुलत. तिला हवी असते जागा: ओली पण पाणी न साचणारी, भुसभुशीत, उन्हाने थोडी तापणारी.

जागा पसंत पडली की ती पुढच्या पायांनी उकरू लागते. चिमट्यासारख्या पायांनी, ज्यांची घडण फांदी धरण्यासाठी झाली आहे, त्यांनी ती वीतभर, कधी त्याहून खोल बोगदा काढते. ह्यात तासन्‌तास जातात. मध्येच दगड लागला, मुळी लागली, माणसाची चाहूल लागली, की ती ते बीळ टाकून दुसरीकडे जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. मनासारखे झाले म्हणजे आत शिरून अंडी घालते. कधी दहा, कधी वीस, कधी तीसच्या घरात. मग माती लोटून, पायांनी दाबून बीळ असे बुजवते की वरून काही कळू नये. आणि निघून जाते. ती अंडी राखत नाही, पिल्लांना ओळखत नाही. तिचे आईपण ह्या बुजवण्यापर्यंतच.

गुरुजी, मुलांनी वर्गात घोयरा आणला तर तो बहुधा कोणत्या महिन्यात आणला, ते आठवून पाहा. झाडावर तो पानांत पान होऊन बसतो, दिसतच नाही. दिसतो तो खाली उतरल्यावर. आणि खाली उतरते ती पुष्कळदा अंड्यावर आलेली मादी. म्हणजे दगडाखाली सापडते ती तीच, गाडीच्या चाकाखाली येते ती तीच, आणि ‘रंग बदलणारा सरडा’ म्हणून खोक्यात घालून घरी नेली जाते तीही तीच. प्रयोगशाळेतल्या बरणीत पोट फुगलेला घोयरा दिसला तर हा हिशेब लक्षात येईल.

खोक्यात नेमके काय होते? मादी उकरायला जाते तर खाली पुठ्ठा किंवा पत्रा. ती कोपरे ओरबाडते. मुलांना वाटते, पळायला पाहते आहे. जागा मिळत नाही म्हणून ती अंडी पोटातच धरून ठेवते. दिवस जातात, अंडी आतच अडकतात, अंगातले बळ संपते. डोळे खोल जातात, दिवसासुद्धा मिटलेले राहतात, आणि ती मरते. परदेशांत शॅमेलिऑन पाळणारे लोक आहेत. तेही बऱ्याच माद्या गमावल्यावर हे शिकले. आता ते अंड्यावर आलेल्या मादीला मातीने भरलेले खोल भांडे देतात, भोवती पडदा लावतात आणि तिच्याकडे पाहणे बंद करतात. हे शेवटचे सर्वांत कठीण, कारण हौशी माणसाला डोकावल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे घोयरा पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. त्याला पकडणे, बाळगणे, मारणे हा गुन्हा आहे. तेव्हा पहिला उपचार हाच की तिला उचलून आणू नये. रस्त्यावर असेल तर एक काडी तिच्यापुढे धरा. ती आपण होऊन काडीवर चढते. ज्या बाजूला तिचे तोंड असेल त्याच बाजूला, झुडपाजवळच्या मऊ मातीवर तिला सोडा. मागच्या बाजूला सोडली तर ती पुन्हा रस्त्यावर येईल.

पण मुलांनी आधीच आणून ठेवली असेल तर? वनखात्याला कळवावे, आणि त्यांचा माणूस येईपर्यंत थोडी समज दाखवावी. लहान खोके नको. जुना माठ किंवा पिंप घ्या, त्यात दीड-दोन वीत माती आणि वाळू मिसळून भरा. ओल किती हवी? मूठ वळली तर लाडू राहावा, पाणी गळू नये. एक फांदी आत तिरकी ठेवा, वर कापड टाका आणि मुलांना बाहेर घालवा. वाटीत पाणी ठेवून उपयोग नाही, वाटीतले पाणी तिला समजत नाही. पानांवर शिंपडलेले थेंब ती चाटते. पोट दाबून ‘अंडी आहेत का’ हे पाहण्याचा शहाणपणा कुणी करू नये. ती वारंवार उकरून सोडून देत असेल, मलूल पडली असेल, तर वनखात्याच्या माणसाला ते मुद्दाम सांगा. पुढचे काम पशुवैद्याचे.

अंडी घालून झाल्यावर ती ओळखू येत नाही इतकी वाळलेली दिसते. कुशी आत गेलेल्या, कातडी सैल. अंड्यांच्या कवचाला लागणारा चुना तिने स्वतःच्या शरीरातून दिलेला असतो. बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू देतो. हिला आधी पाणी हवे, पुष्कळ पाणी, मग नाकतोडे, टोळ, रातकिडे, आणि सकाळचे ऊन. वनखात्याने परवानगी दिली की तिला जिथून आणली त्याच झाडावर सोडावे. दुसरे झाड तिच्या ओळखीचे नसते.

राहिली अंडी. ती पांढरी, मऊ कवचाची. कोंबडीच्या अंड्यासारखी कडक नव्हेत. मातीतली ओल शोषून ती फुगतात. रोजच्या सरड्याची अंडी दीड-दोन महिन्यांत फुटतात, घोयऱ्याची मात्र महिनोन्महिने जमिनीत पडून राहतात. म्हणजे दिवाळीच्या सुमाराला पुरलेली अंडी पुढे वखरणीच्या दिवसांतही तिथेच असू शकतात. वावरात काम करताना उकरलेली दिसली तर ती फिरवू नयेत. जी बाजू वर आहे तीच वर ठेवून पुन्हा माती लोटावी. मगरीची अंडी हलवणारे लोक त्यासाठी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करतात.

१९७४ साली आपल्या मेळघाटात व्याघ्रप्रकल्प झाला, ही मोठीच गोष्ट घडली. पण घोयरा मेळघाटाच्या सीमेत बसून राहत नाही. तो तुमच्या धुऱ्यावरही असतो, आणि धुऱ्याला कुंपण-पहारा नाही. मादी उकरताना दिसली तर दूर उभे राहा, ती गेली की त्या जागेशी बाभळीची एक खुंटी ठोका, आणि उन्हाळ्यात वखर फिरवणाऱ्या गड्याला सांगून ठेवा की एवढी हातभर जागा सोड. करंगळीएवढी पिल्ले एके दिवशी माती सारून वर येतील आणि कुणी न शिकवता जवळच्या गवताच्या काडीवर चढतील.